डेड स्पेस ही मालिका नक्की कुणी मारली?

रात्रपाळी_नाशिक

क्रिकेट, मिसळ आणि राजकारण सोडून धागा काढला की तो तीन प्रतिसादांत मरतो हे ठाऊक आहे, तरी काढतोय.

विषय 'डेड स्पेस' ही गेम-मालिका. पहिला भाग ऑक्टोबर २००८ मध्ये आला, दुसरा जानेवारी २०११ मध्ये, तिसरा फेब्रुवारी २०१३ मध्ये. मग जवळपास दहा वर्षं काहीच नाही. जानेवारी २०२३ मध्ये पहिल्याच भागाचा रीमेक आला, समीक्षकांनी आणि खेळणाऱ्यांनी डोक्यावर घेतला, आणि पुन्हा सगळं ठप्प.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी: साल २५०८. यूएसजी इशिमुरा नावाचं अवाढव्य खाणजहाज, अख्खे ग्रह फोडून खनिज काढणारं. एजिस ७ या ग्रहाजवळ असताना त्याचा संपर्क तुटतो. काय झालंय बघायला एक छोटं दुरुस्ती पथक जातं, त्यात आपण, म्हणजे आयझॅक क्लार्क. सैनिक नाही, इंजिनिअर. नाव आयझॅक असिमॉव्ह आणि आर्थर क्लार्क या दोघांकडून उचललेलं. जहाजावरचे बहुतेक लोक मेलेले, आणि मेलेले भलत्याच आकारात उठून अंगावर येतात. त्यांना नेक्रोमॉर्फ म्हणायचं. डोक्यात गोळी घालून भागत नाही, हातपाय तोडावे लागतात. आणि हत्यार काय, तर खाणीत वापरायचं प्लाझ्मा कटर.

एवढं सगळं हाताशी असताना मालिका मेली कशी? माझं मत स्पष्ट आहे: तिसऱ्या भागाने मारली. दोघांनी मिळून खेळायची सोय घातली, शत्रू म्हणून बंदूकधारी माणसं आणली, सगळ्या हत्यारांना एकाच जातीच्या गोळ्या दिल्या (घरातल्या सगळ्या कुलपांना एकच किल्ली, मग चोराची भीती कसली?), आणि वर हत्यारं बनवायचं सामान खरे पैसे मोजून विकत घ्यायची सोय. भीतीची पार वाट लावली.

तुमचं मत काय?

चहाटळ

मी पहिला! आता वाचतो.

पडीक_पुणेकर

असहमत. तिसरा भाग हे प्रेत आहे, खुनी नाही.

२०१२ सालची गोष्ट. तिसरा भाग बाजारात यायचा होता. तेव्हा ही मालिका काढणाऱ्या ईए (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स) कंपनीचे फ्रँक गिबो यांनी एका मुलाखतीत सरळ सांगितलं होतं की अशा मालिकेत पैसे ओतत राहायचे तर साधारण ५० लाख लोकांपर्यंत पोचायला हवं. म्हणजे गेम तयार होतानाच कटऑफ लागला होता. आता हा आकडा डोक्यात ठेवून गेम बनवायला बसा. भयपटाला न जाणाऱ्या माणसाला भयपटाचं तिकीट कसं विकणार? सोबत मित्राला आणायची परवानगी द्यायची, थोडी हाणामारी वाढवायची, गोळ्यांचा हिशोब सोपा करायचा. तू दिलेल्या यादीतली प्रत्येक गोष्ट त्या ५० लाखांच्या मागे धावताना आलेली आहे.

आणि दुसऱ्या भागाचं गणित बघ. तिथे काम केलेल्या एका डिझायनरने २०१७ मध्ये जाहीरपणे लिहिलं की दुसऱ्या भागाला ६ कोटी डॉलर लागले, ४० लाख प्रती खपल्या, आणि तेवढंही पुरलं नाही. जाहिरातीचा खर्च वेगळा. चाळीस लाख प्रती विकून तोटा होत असेल तर गडबड गेममध्ये नाही, हिशोबात आहे.

उगाच_उषा

पन्नास लाख लोकांना एकाच वेळी घाबरवायचं असेल तर गेम कशाला हवा, सगळ्यांना वाढीव वीजबिल पाठवा.

चहाटळ

उषाताई _/\_

शंकासुर

मुळात हा भीतीचा गेम आहे हेच मला मान्य नाही. पहिले दोन तास ठीक. नंतर भिंतीवर दुकान, दुकानात गोळ्या, वर्कबेंचवर हत्यारं सुधारा, चिलखत बदला. शेवटी शेवटी तर मीच कॉरिडॉरमध्ये फिरणारा राक्षस झालो होतो, नेक्रोमॉर्फ बिचारे मला घाबरून व्हेंटमध्ये लपत असावेत. जंपस्केअर (अचानक दचकवणं) आणि भीती यात फरक असतो की नाही? ज्याला शंभर गोळ्या मिळाल्या त्याला कसली भीती. हा उत्तम अ‍ॅक्शन गेम आहे, अंधारात खेळायचा, बस्स.

सिंहगड_रोडचा_झोंबी

शंकासुरभाऊ, कुठल्या डिफिकल्टीवर खेळलात तेवढं सांगा. 'ईझी'वर खेळून कुणी शूर होत नाही.

एक तांत्रिक नोंद सगळ्यांसाठी. २००८ चा पीसीवरचा मूळ गेम आजही चालतो, पण माउस चिखलात रुतल्यासारखा वाटतो. गेमच्या सेटिंगमध्ये व्ही-सिंक (चित्रांचा वेग पडद्याच्या वेगाशी जुळवणारी सोय) बंद करा, तो चालू असला की फ्रेमरेट ३० वर अडकतो आणि माउस जड होतो. हवं तर ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमधून व्ही-सिंक लावा. आमच्या कॉलेजच्या होस्टेलवर निम्म्या पोरांनी 'कंट्रोल बेकार आहेत' म्हणून हा गेम पहिल्या अर्ध्या तासात सोडला होता. कारण एवढंच होतं.

खोल_समुद्र

इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पण हा विषय निघाल्यावर राहवलं नाही.

मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर आहे. 'आयझॅक सैनिक नाही, इंजिनिअर आहे' हे धागाकर्त्याने एका वाक्यात लिहून सोडून दिलंय, पण माझ्या मते सगळा गेम त्यात आहे. पहिला भाग खेळताना आपण काय करत असतो ते आठवा. ट्राम बंद पडली, चालू कर. इंजिनला इंधन नाही, भर. हवा विषारी झालीय, शुद्ध कर. रेडिओ चालत नाही, अँटेना लाव. कुणीतरी काचेपलीकडून किंवा रेडिओवरून सांगतो, 'आयझॅक, आता जरा तिकडे जाऊन ते बघ.' आणि तो जातो. एक शब्द बोलत नाही (पहिल्या भागात तो मुका आहे). अहो, हे आमचं रोजचं आयुष्य आहे, फक्त नेक्रोमॉर्फ वजा करून. चीफ वरून फोन करतो, आपण खाली जातो.

हल्लीच्या जहाजांवर रात्री इंजिनरूममध्ये कुणी नसतं. अलार्म ड्युटी इंजिनिअरच्या केबिनमध्ये वाजतो. तुम्ही अर्धवट झोपेत बॉयलर सूट चढवता, ब्रिजला कळवता आणि एकटे खाली उतरता. उतरताना 'डेड मॅन अलार्म' चालू करायचा. मग दर ठराविक मिनिटांनी त्याचं बटण दाबत राहायचं. दाबलं नाही तर वर समजतात की खालच्या माणसाचं काहीतरी झालंय. आता विचार करा, कानाला इअर मफ, तीन-चार मजली उंच लोखंडी दालन, जनरेटरचा एकसुरी आवाज, आणि त्यात मध्येच एक आवाज असा येतो जो रोजचा नाही. बस, तेवढा एक आवाज. तो कुठून आला हे कळेपर्यंत माणूस जागच्या जागी थिजतो.

तिसऱ्या प्रकरणात ते सेंट्रिफ्यूज चालू करायचं काम आहे ना? चालू केल्यावर तो प्रचंड दांडा गोल फिरायला लागतो, हवा संपलेली, पाठीवर ऑक्सिजनचे सेकंद उलटे मोजले जातायत, आणि दांडा येईल तेव्हा भिंतीतल्या खोबणीत शिरायचं, गेला की पुढच्या खोबणीपर्यंत पळायचं. तिथे कुठल्याही राक्षसापेक्षा मला ते यंत्र जास्त भयानक वाटलं. फिरतं यंत्र तुमची दखल घेत नाही. ज्याने हे लिहिलं तो कुठल्या तरी वर्कशॉपमध्ये उभा राहिलेला असणार अशी माझी समजूत आहे.

म्हणून शंकासुर यांना नम्र उत्तर: भीती गोळ्या संपण्याची नाही. काम अर्धवट टाकून पळता येत नाही, याची आहे.

मुक्ता_वाचते

खोल_समुद्र, असे प्रतिसाद देणारी माणसं वाचनमात्र राहतात आणि बाकीचे आम्ही जिलब्या पाडतो. लिहीत राहा.

रात्रपाळी_नाशिक

+१. डेड मॅन अलार्मवर वेगळा धागा काढा, ही विनंती.

आवाजी

आवाजाचा विषय निघालाच आहे तर. मी डबिंग स्टुडिओत साउंडचं काम करतो, मुंबईत. या गेमचं ध्वनिकाम आमच्याकडे नवीन मुलांना ऐकवतो.

२००९ च्या बाफ्टामध्ये पहिल्या भागाला दोन पुरस्कार मिळाले, दोन्ही कानाचे: मूळ संगीत आणि ध्वनीचा वापर. संगीत जेसन ग्रेव्हजचं, ध्वनीची जबाबदारी डॉन व्हेका यांची. ग्रेव्हजने वाद्यवृंदाला सरळ सुरावट लिहून देण्याऐवजी बऱ्याच ठिकाणी नुसत्या सूचना दिल्या. म्हणजे इतक्या वेळात आपापल्या मनाने तार खरवडा, वर चढत जा, एकमेकांशी जुळवू नका. पन्नास वादक पन्नास तऱ्हेने वाजवतात तेव्हा जो आवाज येतो तो कुठल्याही सिंथेसायझरवर बनत नाही.

पुढची गंमत अशी की हे संगीत एका पट्टीवर नाही, थरांमध्ये आहे. सगळे थर एकदमच चालू असतात, पण ऐकू किती येईल हे परिस्थितीवर. गेमच्या आत त्यांनी भीती पसरवणारे अदृश्य बिंदू ठेवले होते. राक्षस असो वा नुसतं दार, त्याच्या जवळ गेलात की वरचा, अधिक कर्कश थर उघडतो. त्यामुळे खेळणाऱ्याला कळत नाही की संगीत आपल्याबरोबर का बदलतंय. पण पोटात गोळा येतो.

आणि निर्वात जागेत गेल्यावर सगळे आवाज एकदम दबतात. गोळी झाडली तरी नुसता धप्प. फक्त आयझॅकचा श्वास. अशा वेळी मागून कुणी आलं तर कानाने कळत नाही, मान सारखी वळवावी लागते. आवाज काढून घेऊन घाबरवणं हे आवाज वाढवून घाबरवण्यापेक्षा दहापट अवघड काम आहे. आमच्याकडचे निर्माते तिसऱ्या सेकंदाला ढोल मागतात.

फ्रीमॉन्टकर

आवाजी, त्यात एक भर. पहिला गेम बनला तो स्टुडिओ कॅलिफोर्नियात रेडवुड शोअर्सला, इथून खाडी ओलांडली की पलीकडे. आणि व्हेका यांनी गेममधल्या एका कानठळ्या बसवणाऱ्या आवाजासाठी आमच्या बार्टच्या (इथल्या लोकल रेल्वेच्या) गाडीचं रेकॉर्डिंग वापरलं होतं!

ज्यांनी बार्टने प्रवास केला नाही त्यांना सांगून पटणार नाही. वेस्ट ओकलंड सोडलं की गाडी खाडीखालच्या बोगद्यात शिरते आणि एम्बार्कडेरो येईपर्यंत चाकं अशी किंचाळतात की शेजारच्याशी बोलणं सोडून द्यावं लागतं. अलीकडे चाकांचा आकार बदलून आवाज बराच कमी केलाय. पण जुन्या गाड्यांमधून रोज सॅन फ्रान्सिस्कोला ऑफिस गाठणाऱ्या माणसाला इशिमुरावर वेगळं असं काही वाटलं नसतं. गर्दीच्या वेळी तर नेक्रोमॉर्फही असायचे.

चहाटळ

विरारची लोकल पकडून दाखवा म्हणावं त्या आयझॅकला. चौथी सीट मिळाली तर मानू.

उगाच_उषा

त्याच्याकडे प्लाझ्मा कटर आहे, मिळेल.

दोन_मुलांचा_बाप

माझा तेरा वर्षांचा मुलगा हा गेम मागतोय. 'बाबा, सायन्स फिक्शन आहे, अभ्यासाला उपयोगी' असं सांगतोय. द्यावा का?

सिंहगड_रोडचा_झोंबी

अभ्यास म्हणजे शरीरशास्त्राचा. सांधे कुठे असतात ते पक्कं होईल.

मुक्ता_वाचते

गंमत सोडा, नको. युरोपात त्याला १८ वर्षांची अट आहे, अमेरिकेत १७. आणि ती उगाच नाही. दुसऱ्या भागात लहान मुलांची शाळा आहे, पाळणाघर आहे, आणि तिथे जे आहे ते मला तिशीतही जड गेलं. शेवटाकडे एक प्रसंग आहे, डोळ्यात सुई घालायच्या यंत्राचा. आयझॅक स्वतः त्या यंत्रात झोपतो. पडद्यावर फक्त डोळा. बुबुळ इकडेतिकडे हलतं, आपण सुई त्याच्या मागे मागे नेत हळूहळू खाली आणायची. घाई केली किंवा नेम हलला की संपलं, आणि ते संपणं व्यवस्थित दाखवतात. त्याच्या छातीची धडधड वाढली की बुबुळ जास्त हलतं. मी अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांनी खेळले, जे त्या प्रसंगात फारसं उपयोगाचं नाही.

उगाच_उषा

दुसऱ्या भागाची जाहिरातच मुळी अशी होती की 'तुझ्या आईला हा गेम अजिबात आवडणार नाही'. आयांना बोलावून त्यांना गेममधले सगळ्यात किळसवाणे प्रसंग दाखवले आणि त्यांचे चेहरे टिपले. म्हणजे १८ वर्षांखालच्यांना विकायचा नाही असा गेम, आणि जाहिरात मात्र आईची परवानगी लागते त्या वयाच्या पोरांसाठी. तेव्हा टीकाही बरीच झाली.

मी स्वतः आई आहे आणि मला गेम आवडला. मला कुणी बोलावलं नाही. मुलाला मात्र देणार नाही, मला स्वतःला खेळायचा असतो.

दोन_मुलांचा_बाप

ठरलं. त्याला बुद्धिबळाचं अ‍ॅप देतो. गेम मी बघतो.

पडीक_पुणेकर

शंकासुर, तुमच्या 'अ‍ॅक्शन गेम' वाल्या मुद्द्याला इतिहासात आधार आहे, पण निष्कर्ष उलटा निघतो.

रेडवुड शोअर्सचा हा स्टुडिओ मुख्यतः सिनेमांवरचे गेम करायचा, बाँड, गॉडफादर वगैरे. त्यांच्यातल्या काही जणांच्या डोक्यात 'सिस्टीम शॉक'चा तिसरा भाग करायचं होतं. मग २००५ मध्ये 'रेसिडेंट ईव्हिल ४' आला, खांद्यामागून कॅमेरा आणि नेम धरून मारामारी, आणि पहिल्या भागाचा निर्माता ग्लेन स्कोफील्ड याच्या टीमने ठरवलं की हे असं, पण अवकाशात. म्हणजे अ‍ॅक्शनचं बीज पहिल्यापासून आहेच.

पण त्यांनी त्यात एक गोष्ट केली. तोवर प्रत्येक नेमबाजीच्या गेमने आपल्याला एकच शिकवलं होतं: डोकं. वर्षानुवर्षांची सवय. इथे डोकं उडवलं तरी तो हात झाडत येतोच. पहिल्याच प्रकरणात भिंतीवर रक्ताने लिहिलंय, हातपाय कापा. घाबरलेला माणूस सवयीवर जातो, आणि इथे सवय मारते. कटरची रेघ उभी-आडवी फिरवून, शत्रू धावत येत असताना, कोपर की गुडघा हे ठरवायचं. 'शंभर गोळ्या आहेत' हे खरं, पण शांत डोकं शंभर नाही.

शिवाय पडद्यावर आकडे नाहीत. जीव किती उरला ते आयझॅकच्या पाठीच्या कण्यावरची निळी पट्टी सांगते, गोळ्या किती ते हत्यारावरच तरंगतं. सामान बघायला यादी उघडली तरी गेम थांबत नाही. पळून जायला मेन्यूसुद्धा दिला नाही.

आणि पॉवर नोड आठवतात? तोच नोड हत्यार सुधारायला वापरा किंवा बंद खोली उघडायला. खोलीत माल असेल, कदाचित मोजकाच. एका दारासमोर उभा राहून मी जितका विचार केलाय तितका फ्लॅट घेताना केला नाही.

शंकासुर

नोडचा मुद्दा मान्य. बाकीच्यावर मी ठाम. आणि मी 'नॉर्मल'वर खेळलो होतो हो झोंबी.

मुक्ता_वाचते

माझं मत थोडं वेगळं. पुढे पहिल्या भागाचं रहस्य फोडणार आहे, ज्यांना खेळायचाय त्यांनी हा प्रतिसाद ओलांडावा.

.

.

.

आयझॅक इशिमुरावर जातो कारण निकोल, त्याची मैत्रीण, तिथे डॉक्टर आहे. गेमभर ती त्याला दिसते, बोलते. शेवटी कळतं की ती कधीच गेलेली आहे आणि मार्कर नावाच्या त्या वस्तूमुळे त्याला भास होत होते. आता बाराही प्रकरणांच्या इंग्रजी नावांची पहिली अक्षरं ओळीने लावा. 'निकोल इज डेड.' उत्तर पहिल्या मिनिटापासून समोर होतं!

दुसरा भाग मला सर्वांत आवडतो तो याच्या पुढच्या टप्प्यासाठी. तीन वर्षांनी, शनीच्या टायटन या चंद्रावरच्या वसाहतीत. आता आयझॅक बोलतो (आवाज गनर राइटचा, रीमेकमध्येही तोच), आणि ती त्याला अजून दिसते. नेक्रोमॉर्फ बाहेर आहेत, पण खरी मारामारी तो स्वतःच्या अपराधीपणाशी करतोय. मध्ये एकदा तो परत इशिमुरावर जातो. सगळीकडे प्लास्टिकचे पडदे, साफसफाईचे दिवे, डाग पुसायचं काम चाललेलं. आणि कितीतरी वेळ काहीच अंगावर येत नाही. आपण प्रत्येक कोपऱ्यावर थांबतो कारण या कोपऱ्यावर मागच्या गेममध्ये काय होतं ते आपल्याला आठवतं. गेमने काही केलंच नाही, सगळं आपल्या डोक्यातून काढून घेतलं.

आणि रात्रपाळी, तिसऱ्या भागाच्या को-ऑपबद्दल (दोघांनी मिळून खेळायच्या सोयीबद्दल) एक चांगलं सांगायचं तर: दुसरा खेळाडू कार्व्हर नावाचं पात्र होतो आणि काही खोल्यांमध्ये त्याला एकट्याला भास होतात. तुझ्या पडद्यावर रिकामी खोली, मित्राच्या पडद्यावर भलतंच काही. 'अरे ते बघ', 'काय बघ?', 'तुला दिसत नाहीये?' माझा भाऊ आणि मी यावरून खरोखर भांडलोय. भीतीची इतकी चांगली कल्पना दोन खेळाडूंशिवाय शक्यच नव्हती. कल्पना वाईट नव्हती, ती अख्ख्या गेमभर वापरायचं धाडस नव्हतं.

रात्रपाळी_नाशिक

हा भाग मी एकट्यानेच खेळलो, त्यामुळे हे पाहिलंच नाही. भाऊ भाड्याने मिळेल का?

मुक्ता_वाचते

घेऊन जा. जेवणखाण तुमचं.

सिंहगड_रोडचा_झोंबी

माणसं कुठे गेली तेही बघायला हवं. स्कोफील्ड आणि मायकेल कॉन्ड्री यांनी २००९ मध्येच ईए सोडून स्लेजहॅमर हा स्टुडिओ काढला आणि ते कॉल ऑफ ड्यूटीत गेले. म्हणजे दुसरा भाग यायच्या आधीच मूळ जोडी बाहेर. त्याच वर्षी स्टुडिओचं नाव बदलून व्हिसरल झालं. तिसऱ्या भागानंतर त्याच स्टुडिओला चोर-पोलिसांचा 'बॅटलफील्ड हार्डलाइन' करायला लावला, मग स्टार वॉर्सचा एक गेम दिला, आणि तो पूर्ण व्हायच्या आत ऑक्टोबर २०१७ मध्ये स्टुडिओच बंद केला. आता सांगा कुणी मारली.

स्कोफील्डने नंतर क्राफ्टनच्या पैशावर 'कॅलिस्टो प्रोटोकॉल' केला, डिसेंबर २०२२. हो, तेच क्राफ्टन, ज्यांच्या बीजीएमआयवर (पबजीच्या भारतीय अवतारावर) आपल्या गल्लीतली पोरं रात्रभर 'रिव्हाइव्ह दे रे' ओरडतात. गंमत म्हणजे कॅलिस्टो सुरुवातीला पबजीच्याच विश्वात घडणार होता, काही शतकांनंतर. नंतर सोडून दिलं ते.

चहाटळ

म्हणजे चिकन डिनर कापून ठेवलेलं मिळणार होतं.

शंकासुर

कॅलिस्टो मी खेळलो. दिसायला अप्रतिम, खेळायला कॉरिडॉर. दांडक्याने मारामारी, डावीकडे वाक, उजवीकडे वाक, दांडका. शत्रू दोन आले की सगळी कसरत कोलमडते. त्यावरून एवढं सिद्ध झालं की मूळ माणूस परत आणला म्हणजे मूळ गोष्ट परत येते असं नाही.

आवाजी

हे बरोबर. उलट रीमेक केला माँट्रियलच्या मोटिव्हने, ज्यांचा मूळ गेमशी संबंध नव्हता. त्यांनी काय केलं? आयझॅकला आवाज दिला पण बडबड्या केला नाही. सगळं जहाज एकसंध केलं, लोडिंगशिवाय या टोकापासून त्या टोकाला चालत जाता येतं. शत्रूची कातडी, मांस, हाड असे थर केले, त्यामुळे कटर किती खोल गेला ते डोळ्यांना दिसतं. आणि जुन्या खोलीत परत गेलात तर काय भेटेल ते दर वेळी बदलतं. चौथ्या प्रकरणातल्या उल्का फोडायच्या तोफेवर बसायचं ते कंटाळवाणं काम काढून आता स्वतः जहाजाबाहेर जाऊन तोफांना नेम शिकवावा लागतो. जिथे हात लावायला हवा होता तिथेच लावला.

खोल_समुद्र

त्या तोफांच्या बदलाने मला बरं वाटलं. पुन्हा इंजिनिअरचं काम झालं ते.

मूळ प्रश्नावर. जहाज बुडालं की चौकशी होते, तेव्हा एक कारण कधीच सापडत नाही. कुणीतरी झडप उघडी ठेवलेली असते, कुणीतरी महिनाभर आधी सुटा भाग मागवायला नकार दिलेला असतो, कुणीतरी वेळापत्रक ताणलेलं असतं. पण चौकशी करणारे नेहमी एक प्रश्न विचारतात: हे बंद करायचा अधिकार कुणाकडे होता? इथे उत्तर सोपं आहे. पुणेकरांशी सहमत.

पडीक_पुणेकर

धन्यवाद. मला वाईट याचं वाटतं की लहान, स्वस्त डेड स्पेस अशक्य नव्हता. तिसऱ्या भागाचे क्रिएटिव्ह डायरेक्टर बेन वनाट यांनी नंतर चौथ्या भागाची त्यांच्या डोक्यातली कल्पना सांगितली होती. अवकाशात सोडून दिलेल्या जहाजांचा तांडा, एकेका जहाजात शिरून सुटे भाग शोधायचे, जगत राहायचं. मोकळा, न सरळ रेषेतला. वाचूनच भूक लागते. २०२४ मध्ये स्कोफील्डने सांगितलं की त्याने आणि जुन्या साथीदारांनी चौथ्या भागासाठी ईएकडे विचारणा केली होती, नकार मिळाला. आणि आता सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं की ५५ अब्ज डॉलरला ईएच विकली जाणार, त्यातले २० अब्ज कर्जाचे. ज्या घरावर एवढं कर्ज आहे तिथे खपाची हमी असलेले फुटबॉलचे गेम आधी जेवतात, अवकाशातली भुतं शेवटच्या पंगतीला.

रात्रपाळी_नाशिक

अजूनही तिसऱ्या भागाला मी पूर्ण निर्दोष सोडणार नाही. दबाव सगळ्यांवर असतो, पण त्या हिमग्रहावरच्या दोर धरून चढायच्या रटाळ चढणी ईएच्या हिशोबनीसाने लिहिल्या नव्हत्या.

पडीक_पुणेकर

त्या चढणींसाठी आजन्म कारावास, मान्य.

नवखा_९८

सगळं वाचलं. कधीच खेळलो नाही. मूळ गेमपासून सुरुवात करू की रीमेकपासून? लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे.

सिंहगड_रोडचा_झोंबी

रीमेक किमान १६ जीबी मागतो, शिवाय एसएसडी, तेव्हा प्रश्न निकालात. २००८ चा घे, सेलमध्ये चहा-वड्याच्या पैशांत मिळतो. २०१४ मध्ये तर ओरिजिनवर (ईएच्या ऑनलाइन दुकानावर) काही काळ फुकट वाटला होता, तेव्हा झोपलेला असशील. व्ही-सिंकचं वर लिहिलंय ते आधी कर, मग गेमला शिव्या घाल. आणि मुक्ताताईंचा मोठा प्रतिसाद वाचला असशील तर शेवटाची माती झालीच आहे.

नवखा_९८

वाचला. टिंबं ओलांडून थेट खाली आलो होतो, मग उत्सुकता आवरली नाही.

मुक्ता_वाचते

पुढच्या वेळी टिंबांऐवजी पॉवर नोड मागणार आहे.